कुडाचे घर, विटांचे घर आणि खिडकी

जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ तालुके. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसले आहे आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत या परिसरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी समाजांची वस्ती असलेल्या येथील पाड्यांवर घरांचे रूप पालटत आहे. कुडाच्या जागी विटांची भिंत आणि कौलांच्या जागी पत्रा किंवा स्लॅब येत आहे. या बदलात खिडकीचा विचार मात्र मागे राहिला. त्याचा त्रास चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीला आणि तिच्याजवळ खेळणाऱ्या मुलांना सोसावा लागतो.

जुन्या कुडाच्या घराला खिडकी क्वचितच असे, आणि तरीही भागत असे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून, त्यांवर शेणमातीचा लेप देऊन उभारलेली भिंत पूर्णपणे बंद कधीच नसते. काठ्यांच्या फटींतून, भिंत व छप्पर यांमधील मोकळ्या जागेतून आणि कौलांच्या सांध्यांतून हवा खेळत राहते. चुलीचा धूर याच वाटांनी बाहेर पडे. जाताजाता तो छपराचे बांबू आणि चुलीवर टांगलेले बियाणे यांचे किडीपासून रक्षणही करी. हिवाळ्यातील थंडी, पावसाची झड आणि सापांचे भय लक्षात घेता खिडकी न ठेवण्याचा जुन्या माणसांचा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. तेथे संपूर्ण भिंतच खिडकीचे काम करीत होती.

विटांची, सिमेंटचा गिलावा केलेली भिंत हे काम करीत नाही. तिच्या आत चूल पेटली म्हणजे धूर कोंडतो. लाकडाच्या धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो व मोठ्यांची फुप्फुसे निकामी होत जातात. क्षयरोगाचा प्रसारही कोंदट हवेत अधिक होतो. उज्ज्वला योजना 2016 साली सुरू झाली असली, तरी गॅस आलेल्या अनेक घरांतही चूल सुटलेली नाही. म्हणून पक्क्या घरात खिडकीला, कूड जे करीत असे ते सर्व, एकटीने करावे लागते.

किती मोठी, कोणत्या बाजूस?

राष्ट्रीय इमारत संहितेने उष्ण व दमट हवामानासाठी खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या क्षेत्राच्या किमान एक-षष्ठांश असावे, असा दंडक घातला आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर असते. त्यातील 10 चौरस मीटरच्या खोलीला या हिशेबाने सुमारे 18 चौरस फूट खिडकी लागेल. म्हणजे 3 फूट बाय 3 फूट मापाच्या दोन खिडक्या. त्या एकाच भिंतीत नसाव्यात. हवेला आत येण्यास एक वाट आणि बाहेर जाण्यास समोरची दुसरी वाट मिळाली, तरच ती वाहते. येथील माणसे बहुधा जमिनीवर निजतात. म्हणून खिडकीची खालची कड जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असणे सोयीचे. चुलीच्या वर, छपरालगत, सिमेंटची जाळी बसविल्यास धूर तिकडून निघून जातो.

पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. दक्षिण व पश्चिम बाजूंच्या खिडक्यांवर किमान दोन फुटांचा छज्जा असावा, आणि छज्जाच्या खालच्या अंगाला कडेजवळ एक खाच ठेवावी, म्हणजे पाणी तेथेच गळून पडते व भिंतीकडे ओघळत नाही. खिडकीच्या खालच्या कडेचा उतार बाहेरच्या बाजूस असावा. गवंडी या दोन्ही गोष्टी विनाखर्च करू शकतो. फक्त त्या वेळेवर सांगाव्या लागतात.

लाकूड, लोखंड की ॲल्युमिनियम?

जव्हार शहरातील जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसविण्याकडे ओढा आहे. त्या गंजत नाहीत, फुगत नाहीत, दिसतातही नेटक्या. परंतु दोन तावदानांची सरकती खिडकी कधीही निम्म्याहून अधिक उघडत नाही. वर काढलेला 18 चौरस फुटांचा हिशेब तेथे 9 वर येतो. बिजागरीवर फिरणाऱ्या झडपांची खिडकी मात्र पूर्ण उघडते. सागाची जुनी चौकट पुष्कळदा खालच्या टोकाशीच कुजलेली असते. तेवढा भाग कापून नवा जोड देणारा सुतार मिळाल्यास ती सर्व उपटून टाकण्याचे कारण नाही. नव्या चौकटीसाठी साग उत्तम, पण तो जून व वाळलेला हवा. कच्च्या लाकडाची झडप पहिल्याच पावसात फुगून अडकते. लोखंडी खिडकी मजबूत व सुतारकामापेक्षा बहुधा स्वस्त. तिचा गंजही खालच्या कडेपासून सुरू होतो. बसविण्यापूर्वी सर्व बाजूंनी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. भिंतीत गेलेल्या भागाला नंतर रंग लागत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे असते, ठेकेदाराकडून नव्हे. डोंगराळ भागासाठी 1 लाख 30 हजार रुपये आणि 2023 साली सुरू झालेल्या पी. एम. जनमन योजनेतून कातकरी कुटुंबांना 2 लाख रुपये, असे साहाय्य ठरविण्यात आले. हा पैसा जोते, भिंती व छप्पर यांत संपत येतो आणि खिडकीची पाळी शेवटी येते. मग माप आखडते. ग्रामपंचायत सदस्यांनी व ग्रामसेवकांनी लक्ष घालावयाचे ते याच ठिकाणी, भिंत कमरेएवढी झाली असताना. एकदा लहान ठेवलेले भोक पुढे मोठे करावयाचे तर भिंत फोडावी लागते व वरचा लिंटेलही अपुरा पडतो. याउलट जागा पूर्ण मापाची ठेवून तूर्त केवळ गज बसविले आणि आतून कारवीचा तट्टा लावला, तर झडपा पुढच्या वर्षी, भाताचे किंवा मजुरीचे पैसे हाती आल्यावर, करता येतात. तट्टा विणण्याचे कौशल्य पाड्यावर अजून आहे.