काजवे बघा, पण आधी गाडीचे दिवे बंद करा

मे सरत आला की अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटघर-रतनवाडी-साम्रदकडे, शहरातल्या गाड्यांची रीघ लागते. कशासाठी? तर काजव्यांसाठी! पाऊस लागायच्या आधी हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं रात्री नुसती लुकलुकत असतात.

हे लुकलुकणं म्हणजे काजव्यांची सोयरीक. नर उजेडाने खूण करतो, मादी उजेडानेच उत्तर देते. मध्येच हेडलाइट नाहीतर मोबाइलची बॅटरी पडली की खूण दिसत नाही, जोडी जमत नाही. मोठा काजवा जगतो थोडेच दिवस. पुढच्या वर्षीचे काजवे या जोड्यांच्या अंड्यांतूनच येणार. अंडी मातीत असतात, अळी गोगलगायी खाऊन वाढते. म्हणून झाडाखाली तंबू ठोकणंही वाईटच.

पेरणीच्या तोंडावर जेवण, मुक्काम, वाटाड्या यातून गावाला चार पैसे मिळतात. पाहुण्याला टोकायचं कसं, असं वाटतं खरं. पण काजवेच राहिले नाहीत तर पाहुणा येईल कशाला? गाडी गावातच ठेवायला लावा, पुढे चालत न्या. पंधरा-वीस मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. आणि हो, बाटलीत काजवे भरू देऊ नका.