शक्तिमानचे नॉझल

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून १९५९मध्ये शक्तिमान ट्रक बाहेर पडू लागला, तो जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीच्या परवान्यावर. रुडॉल्फ डिझेलचे पहिले यशस्वी इंजिन १८९७मध्ये औग्सबुर्गच्या ज्या कारखान्यात चालले, त्यातूनच पुढे ही कंपनी घडली. जबलपूरमध्ये १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी उभी राहिल्यावर शक्तिमानचे काम तिकडे गेले आणि १९९०च्या दशकापर्यंत चालले. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या गाड्या नंतर डोंगरात लाकूड ओढताना दिसू लागल्या.

या गाडीतली बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे तिच्या सहा सिलिंडरांवरची नॉझले. साध्या थेट फवारणीच्या डिझेल इंजिनात नॉझल चार-पाच भोकांतून इंधन गरम हवेत उडवते. ते एकदम भडकते, दाब झटक्यात चढतो आणि डिझेलचा ओळखीचा ठोका उमटतो. एम.ए.एन.च्या सिगफ्रीड मॉयरर यांनी १९५०च्या दशकात उलटी वाट धरली. त्यांनी पिस्टनच्या माथ्यात गोलाकार पोकळी ठेवली आणि नॉझलला एक-दोनच भोके दिली. बहुतेक इंधन या पोकळीच्या भिंतीवर पातळ थराने पसरते. हवेत राहिलेले थोडेसे आधी पेटते. भिंतीवरचे वाफ होत, घुमणाऱ्या हवेत मिसळत, मागाहून जळते. आवाज मवाळ होतो. कल्पना मोठी देखणी आहे, पण तिचा सगळा भार धारेच्या दिशेवर आहे.

म्हणून नॉझल उतरवण्याआधी आजूबाजूची जागा धुऊन घ्यावी लागते आणि पाइप सुटताच तोंडे झाकावी लागतात. एक कणसुद्धा आत गेला तर सुई अडकते. सुई आणि तिचे घर एकमेकांत घासून जुळवलेले असतात. दोघांतली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकी. एका नॉझलची सुई दुसऱ्यात घालून चालत नाही, त्यामुळे सहाही जोड्या वेगळ्या ठेवतात. काजळी पितळी ब्रशने काढतात, कारण पोलादी ब्रशने भोकाची कड बिघडते.

मग हाताने चालवायच्या टेस्टरवर तपासणी होते. दट्ट्या दाबल्यावर ठरलेल्या दाबाला नॉझल सुटले पाहिजे, फवारा तुटक करकर आवाजात यावा आणि नंतर टोकावर थेंब लोंबू नये. दाब कमी-जास्त असल्यास स्प्रिंगवर शिम घालून किंवा स्क्रू फिरवून तो बसवतात. या फवाऱ्यासमोर बोट धरणे म्हणजे इंधन कातडीखाली शिरू देणे. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

बसवताना तांब्याचे जुने वॉशर काढून नवे घालतात. सिलिंडर हेडात एक वॉशर चिकटून राहिले आणि त्यावर दुसरे बसले की नॉझलचे टोक वर उचलले जाते आणि धार भिंतीवरची नेमकी जागा चुकवते. होल्डर आणि नॉझल यांच्यातल्या खुंट्या जाग्यावर बसल्या नाहीत तरी तोच परिणाम. शेवटी लाइनमधली हवा काढून इंजिन सुरू करतात. एकेका सिलिंडरचा पाइप किंचित ढिला करून पाहतात. इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर मिसिंग.

खऱ्या अडचणी सुट्या भागांपासून सुरू होतात. बंगळुरूची मायको कंपनी १९५१मध्ये सुरू झाली आणि पंप-नॉझल म्हणजे मायको हे देशभरच्या गॅरेजांत रुळले. ती आज बॉश या नावाने चालते. पण उत्पादन थांबलेल्या ट्रकच्या भागांसाठी शेवटी जुन्या साठ्याकडेच वळावे लागते. तिथे मापाने चपखल बसणारे, पण भोकांची संख्या किंवा कोन वेगळा असलेले नॉझल सर्वांत फसवे. गाडी सुरू होते, ओढतेही. मात्र ठोका परततो, धूर काळा होतो आणि नको तिथे तापून पिस्टनची पोकळी झिजते.

पांढरा धूर हे वेगळेच प्रकरण. थंडीच्या सकाळी भिंत गार असते, इंधनाची वाफ नीट होत नाही, म्हणून इंजिन सुरुवातीला पांढरे ओकते आणि वासही सुटतो. हा या पद्धतीचाच स्वभाव आहे. इंजिन तापल्यावर तो धूर आपोआप विरतो, तरीही त्यापायी कितीतरी चांगली नॉझले बदलली जातात. इंजिन पुरते तापल्यानंतरही धूर टिकला, तरच टेस्टर काढायचा.