नवी बंदूक दुकानातून घरी आणताना



उसाला कांडी धरली की रानडुकरांचा त्रास सुरू होतो. डुक्कर खाते थोडे आणि मोडते फार. एका रात्रीत कळप फिरून गेला की सकाळी फडात जमीनदोस्त ऊस बघायला मिळतो. काही भागांत गव्याचा त्रास आहे, चंदगड-आजऱ्याकडे हत्तीचा आहे, तर जुन्नर-आंबेगावकडच्या उसात बिबट्याच्या माद्या पिल्ले घालतात. त्यामुळे पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना काढण्याकडे आपल्या लोकांचा ओढा असतो. काही जण स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हरचा परवाना मागतात.

आमच्या शेतकी खात्याकडे बेणे, खते, तोडणीचा प्रोग्रॅम यांचेच प्रश्न यायचे. आता गट ऑफिसात आणखी एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, परवाना झाला, दुकानात पैसेही भरले. आता बंदूक घरी आणायची कशी? परवान्यावर तर आमच्याच गावाचं नाव आहे आणि दुकान आहे जिल्ह्याच्या गावी!" प्रश्न रास्त आहे. परवान्यासाठी कित्येक महिने हेलपाटे घातलेला माणूस शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या रस्त्यात अडचणीत येऊ शकतो. म्हणून हा लेख.

परवाना कोणता, ते आधी पाहा

आपल्या देशात हत्यारांचा कायदा १९५९ चा आहे. त्याखालचे जुने नियम १९६२ चे होते. त्यांच्या जागी २०१६ साली नवे शस्त्र नियम आले. कायद्याच्या तिसऱ्या कलमात तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: हत्यार मिळवणे, ताब्यात ठेवणे आणि जवळ घेऊन फिरणे. तिन्हींना परवाना लागतो. "मी फक्त घरी ठेवणार आहे, फिरवणार नाही" असे म्हणून सुटका होत नाही, कारण दुकानातून घरी आणणे हेही घेऊन जाणेच आहे.

सभासदांच्या कामाचे परवाने दोन. पहिला नमुना तीनचा. तो स्वसंरक्षण किंवा खेळासाठी असतो आणि रिव्हॉल्व्हर-पिस्तूल त्यावर मिळते. दुसरा नमुना चारचा. माणसांना, जनावरांना व पिकांना इजा करणाऱ्या वन्य प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी तो असतो. पीक संरक्षणासाठी कायद्याने मुख्यतः ठासणीची बंदूक धरली आहे. तेवढ्याने भागणार नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे बारा बोअरसारखी बंदूक देता येते. पिकासाठी म्हणून रिव्हॉल्व्हर मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

दोन्ही परवान्यांवर एक रकाना असतो, तो म्हणजे क्षेत्राचा. परवाना कुठल्या हद्दीत चालेल ते तिथे लिहिलेले असते. कुणाचा राज्यभर चालतो, कुणाचा जिल्ह्यापुरता, तर पीक संरक्षणाचा बहुधा नेमक्या गावापुरता व शेतापुरता. आपण सातबारा घेतला की आधी क्षेत्र आणि गट नंबर बघतो. परवाना हातात पडला की हा रकाना तसाच बघावा. सगळी मेख इथेच आहे.

हद्दीबाहेरून आणायचे असेल तर

दुकान परवान्याच्या हद्दीत असेल तर प्रश्न सोपा आहे. दुकान हद्दीबाहेर असेल, मग ते दुसऱ्या तालुक्यात असो, जिल्ह्यात असो वा राज्यात, तर खरेदीला निघण्याआधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. हा अधिकारी म्हणजे जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. अर्जात दुकानाचे नाव व गाव, हत्याराचा प्रकार, खरेदीचा अंदाजे दिवस आणि येण्याचा रस्ता लिहावा, व "खरेदी करून घरी आणण्यास परवानगी मिळावी" असे स्पष्ट मागावे. परवानगी कागदावर घ्यावी. "कारकुनाने तोंडी सांगितलं, काही होत नाही" या भरवशावर निघू नये. नाक्यावर कारकून आपल्याबरोबर नसतो.

उसाची ट्रॉली तोडचिठ्ठीशिवाय काट्यावर आली तर काय होते, ते सभासदांना सांगायला नको. ऊस स्वतःचा, ट्रॅक्टर स्वतःचा, तरी गाडी उभी राहते. बंदुकीचे तसेच आहे. माल आपला आहे एवढ्याने भागत नाही. तो या रस्त्याने का चालला आहे, ते सांगणारा कागद बरोबर लागतो.

दुकानात

दुकानात परवानाधारकाने स्वतः जावे. तोडणीच्या गडबडीत आपण पोराला किंवा ड्रायव्हरला धाडतो, तसे इथे करू नये. परवान्यावर ज्याचे नाव नाही त्याला परवानाधारकासमोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने हत्यार नेता येते, अशी सवलत कायद्यात आहे खरी. पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी. नवी खरेदी पोराकरवी आणवायला तिचा आधार घेऊ नये.

परवान्यावर यूआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक आहे ना, ते घरूनच बघून निघावे. नसेल तर आधी परवाना शाखेत जावे, दुकानात नंतर.

विक्रेता परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर, बनावट आणि क्रमांक यांची नोंद करून सही-शिक्का देतो. काडतुसे किती दिली, तेही लिहितो. ही नोंद झाल्याशिवाय हत्यार घेऊन दुकानाची पायरी उतरू नये. मग तीन ठिकाणचा क्रमांक ताडून बघावा: हत्यारावर कोरलेला, परवान्यावर लिहिलेला आणि बिलावरचा. एक आकडा चुकला तर कागदाच्या हिशेबाने तुमच्या हातात दुसऱ्याचीच बंदूक आहे. दुकानातच दुरुस्त करून घेतले तर पाच मिनिटांचे काम. नंतर तेच काम हेलपाट्यांचे होते.

जुने हत्यार एखाद्या ओळखीच्या माणसाकडून घेत असाल, तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. पाहुण्यातला व्यवहार असला तरी हे चुकत नाही. आणि गावठी कट्ट्याबद्दल एकच सांगतो: तो घरी आणण्याचा कायदेशीर रस्ता नाही.

रस्त्यावर

२०१६ च्या नियमांत सार्वजनिक जागी हत्यार कसे न्यावे, ते सांगितले आहे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असेल तर अंगाला बांधलेल्या त्याच्या म्यानात किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या पिशवीत. लांब बंदूक असेल तर तिच्यासाठी बनवलेल्या कव्हरात. हत्यार पूर्ण झाकलेले हवे आणि नेणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा हवा. मोटारसायकलवर पाठीला उघडी बंदूक लावून गावात शिरणे, हे यात कुठेच बसत नाही.

हा झाला नियम. त्यावर आमचा सल्ला असा:

१. हत्यार रिकामे आहे याची खात्री दुकानातच विक्रेत्यासमोर करावी. बारा बोअरची नळी मोडून, दोन्ही घरे बघून मगच कव्हरात घालावी. रिव्हॉल्व्हरची चकरी उघडून बघावी.

२. काडतुसे वेगळ्या बंद डब्यात, हत्यारापासून दूर ठेवावीत. ठासणीच्या बंदुकीची दारू आणि केपा एकत्र ठेवू नयेत.

३. मूळ परवाना, बिल आणि लेखी परवानगी अंगावरच्या खिशात असावी. डिकीत हत्याराशेजारी नव्हे. झेरॉक्सवर विसंबू नये.

४. दुकानातून थेट घरी यावे. वाटेत हॉटेलात जेवायला बसणे, बाजार करणे, पाहुण्यांकडे मुक्काम टाकणे नको. गाडीत बंदूक आणि मालक हॉटेलात, याला ताबा म्हणत नाहीत.

५. पोलिसांनी अडवले तर आपण होऊन सांगावे, "गाडीत परवान्याची बंदूक आहे, रिकामी आहे, कागद हे घ्या." हत्यार स्वतः बाहेर काढून दाखवायला जाऊ नये; ते सांगतील तसे करावे. परवाना बघायला मागण्याचा त्यांना कलम १९ ने अधिकार आहे. हत्यार नेण्याची रीतच संशयास्पद असेल तर परवाना असो वा नसो, कलम २० खाली अटक होऊ शकते. म्हणून कागदाइतकीच नेण्याची रीत महत्त्वाची.

नवा ट्रॅक्टर घेतला की आपण तो आधी देवाच्या दारात नेतो, नारळ फोडतो, मग शेतात घालतो. बंदुकीचे तसे करू नये. खास परवानगीशिवाय हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, जाहीर सभेत किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात नेता येत नाही, ही परवान्याचीच अट आहे. म्हणजे पालखी नाही, यात्रा नाही, आणि आपल्या कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभाही नाही! हार-कुंकू घरी आणल्यावर करावे.

निघण्याआधी पेपर बघावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा हत्यार घेऊन फिरायला मनाई असते. निवडणुकीच्या काळात हत्यारे जमा करण्याचेही आदेश निघतात. असा आदेश चालू असेल तर पोलीस ठाण्यात विचारावे आणि मुदत संपेपर्यंत हत्यार दुकानातच राहू द्यावे. आठ-पंधरा दिवस उशीर झाल्याने उसाचे फार बिघडत नाही.

घरी आल्यावर

हत्यार कुलूपबंद जागी ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली परवानाधारकाकडे. खुंटीवर टांगलेली बंदूक सिनेमात शोभते; घरात नातवंडे असतात. परवान्यात सांगितलेल्या मुदतीत हत्याराची नोंद व तपासणी करून घ्यावी. पूर्वी तीन हत्यारांपर्यंत परवानगी होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. वडिलोपार्जित बंदूक घरात असेल तर तीही या दोनांत धरावी. वडील वारल्यावर ती तशीच कपाटात ठेवून चालत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा असतो.

चुकले तर काय

परवान्याशिवाय बंदूक, रिव्हॉल्व्हर वा काडतुसे जवळ ठेवणे किंवा नेणे याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद व दंड आहे. परवाना आहे पण त्याची अट मोडली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. वरातीत हौसेने बेपर्वाईने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम भरून टाकता येईल, पण कोर्टाच्या तारखा ऐन तोडणीत येतात आणि ऊस कुणासाठी थांबत नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर, गवा, हत्ती, बिबट्या हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. डुकराचा बंदोबस्त करायचा तरी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. बिबट्या दिसला तर बंदुकीला हात न लावता वनखात्याला कळवावे. परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा आणि जनावर वनखात्याचे, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुष्कळ घोटाळे टळतील.

सभासदांनी खरेदीला निघण्याआधी परवान्यावरील क्षेत्राचा रकाना एकदा मोठ्याने वाचावा. वाचता येत नसेल तर गट ऑफिसात घेऊन यावे, आमचे कर्मचारी वाचून दाखवतील. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातील परवाना शाखेत लेखी विचारावे व उत्तर जपून ठेवावे. सर्व सभासद बंधू-भगिनींनी याची नोंद घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते