पोहण्याचे शिक्षण बारमाही का असावे?

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णा, दक्षिणेस पैनगंगा. गावोगावी विहिरी आणि आता शेततळीही. शेततळ्याचे प्लॅस्टिकचे अस्तर निसरडे असल्याने आत पडलेल्या मुलास काठ गाठता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे २,३६,००० माणसे बुडून मृत्यू पावली. शालेय वयाच्या मुलांना पोहणे व जलसुरक्षा शिकवावी, अशी तिची शिफारस आहे.

पूर्वी वडीलधारी माणसे कमरेस दोर व पाठीस वाळका भोपळा बांधून मुलांना उन्हाळ्यात पोहावयास शिकवीत. पद्धत चांगली, परंतु सराव तुटला की कौशल्य मंदावते, आणि विहिरी-नाले तर पुढे पावसाळ्यातच भरतात. नियमित सरावाने श्वासावर ताबा येतो, स्नायू बळकट होतात व आंधळ्या धाडसाची जागा सावधपणा घेतो.

जेथे सुरक्षित पाणी व जाणता पोहणारा नाही, तेथे मुलांना पाण्यात मुळीच उतरवू नये. मात्र बुडणाऱ्यामागे उडी न घेता मोठ्यांना हाक मारणे, दोर फेकणे, बांबू पुढे करणे, हा पाठ शाळेच्या अंगणात बाराही महिने घेता येतो. पाणवठ्यावर मुलीही जातात. त्यांना यातून वगळू नये. शिक्षक बंधुभगिनींनी आरंभ येथूनच करावा.