एका रात्रीत मासे का गेले?

२०२४ च्या हिवाळ्यात आमच्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधले चारपैकी तीन मासे एका रात्रीत गेले. लेक रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, काय चुकलं?" आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची सवय अशी, की बिघाड झाला की शेवटचा बदल शोधायचा. तापमान, क्षारता ठीक होती. बदलले होते ते पाणी, आदल्याच दिवशी!

लहानपणी आम्ही नळाचे पाणी दिवसभर बादलीत ठेवून मग टँकमध्ये घालायचो, क्लोरीन उडून जायचा. अमेरिकेत मात्र अनेक शहरांच्या पाण्यात क्लोरामाइन असते. ते असे सहजी उडत नाही. ते माशांच्या कल्ल्यांना इजा करते, शिवाय त्यातून अमोनिया सुटतो. समुद्री टँकचा पीएच ८.१ ते ८.४, त्यात अमोनिया जास्तच विषारी ठरतो. टेस्ट किटवर तो शून्य हवा, आमचा नव्हता.

असे झाल्यास मेलेले मासे लगेच काढा, हवेचा पंप वाढवा, त्या दिवशी खाणे देऊ नका. क्लोरामाइन आणि अमोनिया दोन्हींवर चालणारे कंडिशनर वापरा. मग २५ टक्के पाणी बदला. नव्या पाण्यात कंडिशनर घालून मीठ पूर्ण विरघळवा, क्षारता आणि तापमान टँकइतकेच ठेवा. घाबरून सगळे पाणी एकदम बदलू नका.

चौथा मासा वाचला. आता दर रविवारी टेस्ट किट लेकीच्या ताब्यात असते!