खोक्यावरचे वॅट, दारातला पत्रा

रायपुरात गणपती असोत, दुर्गा असो की लग्नाची वरात, धुमाल हवाच. गाडीवर रचलेले स्पीकरचे मनोरे, जोडीला बेंजो आणि ड्रम पॅड. छातीत धडधडलं की साउंड चांगला, हे गणित इथल्या कानांत लहानपणीच बसतं. तेच गणित घेऊन माणूस कार डेकोरच्या दुकानात शिरतो आणि आधी विचारतो, ‘‘किती वॅट?’’ पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते.

स्टिरिओच्या खोक्यावर ‘50 वॅट × 4’ असं ठळक छापलेलं असतं. गाडी चालू असताना वायरिंगमध्ये मिळतात जेमतेम 14.4 व्होल्ट. तेवढ्या व्होल्टेजवर 4 ओहमच्या स्पीकरला स्टिरिओतली चिप स्वच्छ आवाजात फार तर 26 वॅट देऊ शकते, तेही कागदावर. प्रत्यक्षात हा आकडा 18 ते 22 च्या आसपास राहतो. खोक्यावरचे 50 वॅट म्हणजे आवाज पार फाटलेला असतानाचा आकडा. ग्राहकाने विचारायचे ते आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, आणि तेही सीईए-2006 या मानकानुसार मोजलेले. त्यात 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि जास्तीत जास्त 1 टक्का विकृती अशा अटी असतात, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना तरी करता येते.

बरं, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वाढतात फक्त 3 डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे स्पीकर घेताना त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला तो किती मोठा वाजतो, ते बघितलेलं बरं. 92 डेसिबलचा स्पीकर 50 वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला 89 डेसिबलच्या स्पीकरला 100 वॅट लागतात. काउंटरवर हा आकडा कुणी आपणहून सांगत नाही.

खरी मेख मात्र दारात आहे. महागडे स्पीकर बसवूनही ‘बास येत नाही’ अशी तक्रार असते आणि मग डिकीत सबवूफर चढतो. कारच्या दाराचा पत्रा पातळ असतो, आतल्या बाजूने त्याला मोठाली भोकं असतात. स्पीकरच्या पाठीमागून निघालेली लाट या भोकांतून पुढे येते आणि पुढच्या लाटेला मारते. बास तिथेच जिरतो, वर ट्रिमचं प्लास्टिक खडखडतं ते वेगळंच. भोकं नीट बंद करून पत्र्यावर डॅम्पिंग शीट चिकटवली की साधा स्पीकरही सुधारतो. शीट निवडताना रायपूरचा मे महिना आठवावा. पारा 44-45 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. डांबराची स्वस्त शीट त्या उष्णतेत नरम होऊन सुटू लागते. ब्यूटिल रबराची महाग पडली तरी टिकते. दाराच्या तळाची पाणी निघायची छिद्रं मात्र कारागिराने बुजवू नयेत, नाहीतर दोन पावसाळ्यांत पत्रा गंजायचा.

सबवूफर ठोका देतो तेव्हा हेडलाइट मंदावतात, त्यावर ‘कपॅसिटर लावा’ हा ठरलेला सल्ला. हिशेब करून बघा. 1 फॅरडचा कपॅसिटर 14 व्होल्टवरून 12 वर उतरेपर्यंत 26 जूल ऊर्जा देतो, म्हणजे 1000 वॅटला सेकंदाचा चाळिसावा भाग. एवढ्यात एक ठोकाही धड होत नाही. वीज पुरवायची आहे अल्टरनेटरला. त्याची क्षमता, बॅटरीची तब्येत आणि अर्थिंगच्या वायरची जाडी बघितल्याशिवाय हे दिवे सुधारणार नाहीत.

फ्यूजबद्दलचा गैरसमज जिवावर बेतू शकतो. फ्यूज अँपच्या (अँप्लिफायरच्या) रक्षणासाठी आहे असं समजून, तो वारंवार उडाला की मोठ्या अँपिअरचा टाकला जातो. फ्यूज असतो वायरसाठी. तो बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत आणि वायरला झेपेल तेवढाच हवा. नाहीतर शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर जळते. त्यात स्वस्त किटमधली वायर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. ती शुद्ध तांब्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच वीज वाहते, म्हणून जाडी तेवढी वाढवावी लागते.

वॉरंटीच्या धाकाने काही जण कशालाच हात लावत नाहीत, तर काही बिनधास्त वायर कापू देतात. बदलामुळे झालेला बिघाड कंपन्या सहसा वॉरंटीबाहेर ठेवतात. म्हणून मूळ वायरिंग न कापता तयार कपलरने जोडणी करून घ्यावी. पुढे जुना स्टिरिओ परत बसवायचा झाला तरी सोपं.

स्टिरिओ बदलणं बेकायदा, हीही अफवाच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीत नोंदलेल्या तपशिलांना हात लावण्याबद्दल आहे. स्पीकर, अँप त्यात येत नाहीत. सबवूफरसाठी मागचं सीट काढून टाकलं, तर मात्र आसनसंख्या बदलते आणि प्रकरण आरटीओच्या हद्दीत जातं. दुसऱ्या टोकाला ‘माझी गाडी, माझा आवाज’ म्हणणारे आहेत. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. छत्तीसगडमध्ये त्याशिवाय मध्य प्रदेशच्या काळापासून चालत आलेला 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे. वाहनांवर साउंड बॉक्स लावून फिरणाऱ्यांवर जप्तीची कारवाई करा, असे आदेश बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने 2016 मध्येच दिले आहेत.

कायदा बाजूला ठेवला तरी कानांचा हिशेब उरतोच. रायपूर ते नागपूर हा जवळपास तीनशे किलोमीटरचा रस्ता, पाचेक तासांचा. 85 डेसिबल आवाज कान रोज आठ तास सोसू शकतात, असा अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेचा निकष आहे. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते; 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. म्हणजे एवढ्या आवाजात वाटेतलं दुर्ग यायच्या आत दिवसाचा कोटा संपलेला असतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर आधी दारं उघडून घ्या, वायर तांब्याची आहे का ते विचारा, फ्यूज कुठे बसणार ते बघा. त्यातून पैसे उरले तर वॅटची चौकशी करायला हरकत नाही.