10 ठिपके, 10 कोटी जाळ्या

वाशिमहून पुसदकडे निघालं की वाटेत अनसिंग लागतं. कोऱ्या कागदावर अनसिंग आणि भोवतालची 9 गावं असे 10 ठिपके काढा. एका ठिपक्यावर वीज उपकेंद्र आहे असं समजा. आता प्रत्येक गावाला वीज पोचेल अशा रेघा जोडायच्या, पण एकही रेघ जास्तीची नको. अशा किती जाळ्या निघतील? पन्नास? हजार? उत्तर आहे बरोब्बर 10 कोटी! ब्रिटिश गणिती आर्थर केली यांच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र हा हिशेब देतं. ठिपके 20 केले, तर उत्तर 24 आकडी होतं.

यातली सर्वांत कमी तार खाणारी जाळी कशी शोधायची? एकेक तपासत बसलो तर जन्म पुरणार नाही. नेमका हाच प्रश्न 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हिया प्रांतात, वीज कंपनीतल्या एका मित्रानं ओटाकार बोरूव्का या तरुण गणितज्ञाला घातला. खेड्यापाड्यांत वीज न्यायची होती आणि तार महाग होती. बोरूव्कांनी 1926 मध्ये उत्तर छापलं, आणि ते थक्क करणारं सोपं आहे. प्रत्येक गावानं आपल्या सर्वांत जवळच्या गावाशी जोडून घ्यावं. त्यातून गावांचे गट तयार होतात. मग प्रत्येक गटानं जवळच्या गटाशी जोडून घ्यावं. सगळे एकत्र येईपर्यंत हेच करत राहायचं. दर फेरीत गट निम्मे किंवा त्याहून कमी होतात. म्हणून 10 ठिपक्यांना जास्तीत जास्त तीन फेऱ्या पुरतात. 10 कोटी शक्यता आणि तीन फेऱ्या! आफ्रिकेतल्या देशांचे विद्युतीकरणाचे आराखडे आज संगणकावर होतात, तेव्हा काही साधनांच्या पोटात हीच कल्पना असते. तिला एक जोड दिलेली असते: एखाद्या लांबच्या वस्तीपर्यंत तार ओढण्यापेक्षा तिथंच सौर पॅनेल लावणं स्वस्त पडतं का, तेही तपासलं जातं.

प्रत्यक्ष वावरात जाळी थोडी वाकते. नाला, जंगल, कुणाची हद्द टाळावी लागते. लाइन रस्त्याच्या कडेनं नेलेली बरी, कारण भर पावसात लाइनमनला बिघाडापर्यंत पोचायचं असतं.

आता खांबाकडे वर बघा. त्या बारीक तारांवर अख्खी वस्ती कशी चालते? गावातली 100 केव्हीएची डीपी, म्हणजे वितरण रोहित्र, पूर्ण भारावर असते, तेव्हा तिच्यातून घरांकडे जाणाऱ्या 433 व्होल्टच्या प्रत्येक फेजमध्ये सुमारे 133 अँपिअर वाहतात. वर, डीपीपर्यंत वीज आणणाऱ्या 11 केव्हीच्या तारेत मात्र फक्त सव्वापाच. शहरातल्या न्हाणीघरातला गिझरसुद्धा याहून जास्त, आठ-नऊ अँपिअर खेचतो! तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गानुसार वाढते. प्रवाह 25 पट कमी, म्हणजे त्याच तारेतला तोटा सहाशेहून जास्त पटींनी कमी. म्हणून आखणीचा जुना नियम असा: उच्च दाबाची लाइन वापराच्या जितक्या जवळ नेता येईल तितकी न्यावी, आणि खालची तार आखूड ठेवावी.

पण गावात तार पोचली म्हणजे वीज पोचली का? आपल्या देशात 1997 पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठंही, अगदी एका पंपासाठी वीज वापरली, तरी गाव 'विद्युतीकृत' ठरत असे. 2004 पासून निकष कडक झाला: सार्वजनिक ठिकाणी वीज हवी आणि किमान 10 टक्के घरांत हवी. उरलेल्या 90 टक्के घरांच्या अंधाराला मात्र या व्याख्येत आडकाठी नव्हती. घर हे माप धरणारी 'सौभाग्य' योजना आली ती 2017 मध्ये.

आखणीतलं सर्वांत नाजूक गणित वेळेचं आहे. शंभर घरांत मिक्सर असले, तरी ते एकाच क्षणी फिरत नाहीत. म्हणून सगळ्यांची बेरीज करून डीपी बसवत नाहीत. बरीच लहान पुरते. सगळी बचत या विस्कळीतपणावर उभी आहे. शेतीच्या फीडरवर, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या लाइनवर, हाच आधार निसटतो. थ्री फेज वीज ठरलेल्या तासांतच येते, कधी दिवसा, कधी रात्री. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं, पण रात्री वावरात कोण थांबणार? म्हणून शेतकरी ऑटोस्विच लावतो: वीज आली की पंप आपोआप सुरू. 5 अश्वशक्तीचा पंप चालताना सात-आठ अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. 63 केव्हीएच्या डीपीची क्षमता फेजमागे 84 अँपिअर. 10 पंप एकदम उठले, तर क्षणभर चारशेच्या आसपास मागणी! मग फ्यूज उडतो, किंवा डीपीच जळते आणि ऐन पाण्याच्या पाळीत वावर कोरडं राहतं. वीज वाचवायला वेळापत्रक केलं, आणि त्या वेळापत्रकानंच सगळ्यांना एका क्षणी आणून उभं केलं.

म्हणून 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची कल्पना मला मोलाची वाटते. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, म्हणजे शेतकरी स्वतः वावरात असेल आणि ऑटोस्विचची गरज कमी होईल. यात तारेची वाट आखडते आणि पंपाची वेळ उन्हाच्या वेळेशी जुळते. हरभऱ्याच्या दिवसांत आपल्याकडे आभाळ बहुधा निरभ्र असतं. आणि ज्या दिवशी पाऊस लागून पॅनेल मंदावतात, त्या दिवशी पंपाचीही निकड नसते.